रॉकेटमधलं पाणी आणलं कुणी?

२०१६च्या एप्रिलमध्ये मी सातवीत होतो आणि माझ्याकडे एक रॉकेट होतं. लग्नाच्या मांडवामागे सापडलेली कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, तिला खालच्या बाजूनं चिकटवलेले पुठ्ठ्याचे तीन पंख आणि तोंडात बसवायला जुन्या स्लिपरच्या टाचेतून कापलेलं रबराचं बूच. बुचाला तापलेल्या खिळ्यानं भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा वाल घट्ट बसवला होता. पंप शेजारच्या काकांकडून मागून आणलेला. हे सगळं मी पुण्याहून आलेल्या आतेभावाच्या मोबाइलमध्ये बघून शिकलो होतो.

पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावात त्या उन्हाळ्यात या सगळ्या वस्तू फुकटात मिळाल्या. मिळत नव्हतं ते फक्त पाणी.

आई-बाप अजून उसावरून परतले नव्हते. घरी मी आणि आजी. टँकर कधी रात्री यायचा, कधी पहाटे. आला की पाणी थेट गावच्या विहिरीत सोडायचे आणि मग बाया काठावर उभ्या राहून पोहऱ्यानं शेंदायच्या. दोराला दोर अडकायचे, भांडणं व्हायची, विहिरीतलं पाणी तासाभरात गढूळ व्हायचं. त्या दिवशी आजी पहाटे तीनला गेली होती आणि उजाडेपर्यंत तिनं दोन हंडे भरून आणले होते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, आणि घर ते विहीर मध्ये एक चढ.

दुपारी ती शेजारी गेली असताना मी एका हंड्यातून तांब्यानं पाणी घेतलं आणि रॉकेट उडवलं. पहिल्यांदा ते आडवं पडलं आणि माझीच चड्डी भिजली. दुसऱ्यांदा बूच लवकर सुटलं. चौथ्या वेळी ते चिंचेच्या शेंड्याच्या वर गेलं. मी आयुष्यात कुठलीही गोष्ट इतक्या वर पाठवली नव्हती. मग अजून तीनदा उडवलं. तापलेल्या मातीवर पडलेलं पाणी क्षणात जिरत होतं, नुसता वास उरत होता.

आजी आली. तिनं हंड्यात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मारलं नाही. बाटली फोडली नाही. एवढंच विचारलं, "ते पाणी आणलं कुणी व्हतं?"

मी काही बोललो नाही. पण तेव्हापासून मी या प्रश्नाला उत्तरं शोधतोय. वयाप्रमाणे उत्तरं बदलत गेली. ती इथं एकेक करून मांडतो, कारण मला वाटतं हा प्रश्न माझ्या आजीपुरता किंवा आमच्या गावापुरता नाही.

*

आधी हे रॉकेट उडतं कसं ते सांगतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे.

बाटलीत साधारण एक तृतीयांश पाणी भरायचं, म्हणजे सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर. बूच लावून बाटली उलटी उभी करायची. आता पाणी खाली, हवा वर. पंप मारायला लागलं की हवा पाण्यातून बुडबुडे काढत वर जाते आणि तिथं दाबून बसते. दाब वाढत वाढत एका क्षणी बुचाला आवरत नाही. बूच सुटतं, हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम. पापणी लवायच्या आत बाटली रिकामी झालेली असते आणि पुढचा सगळा प्रवास ती नुसत्या मिळालेल्या वेगावर करते.

बहुतेकांना वाटतं की पाणी हे या रॉकेटचं इंधन आहे. तसं नाही. शक्ती दाबलेल्या हवेत असते आणि हवेत ती पंप मारणाऱ्याच्या दंडातून येते. मग पाणी कशाला? तर मागे फेकायला. नुसती हवा भरूनही बाटली उडते, पण फार वर जात नाही, कारण हवेला वजनच किती! पाणी साध्या हवेच्या सुमारे ८०० पट जड. जड काहीतरी मागे फेकलं की पुढे जायला जोर मिळतो. पण सगळी बाटली पाण्यानं भरली तर ती जागेवरच पिचकारी मारून लोळते, कारण दाबायला हवेला जागाच उरलेली नसते.

थोडक्यात, त्या दिवशी शक्ती माझ्या दंडातली होती आणि फेकलं ते आजीच्या डोक्यावरून आलेलं. तेव्हा हे कळलं नव्हतं.

कुणी म्हणेल, पाणी नाही तर खरं, दारूचं रॉकेट उडवायचं. जगात त्याचाही छंद आहे. अमेरिकेत नेब्रास्कातल्या नॉरफोक नावाच्या गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा माणूस बुटांचं दुकान चालवायचा. त्यानं १९५४च्या सुमारास कागदी नळीत बसणारं छोटं, एकदाच वापरायचं रॉकेट इंजिन तयार केलं. १९५७ साली स्पुटनिक उडालं आणि तिकडची पोरं घरच्या घरी नळ्यांत दारू ठासून रॉकेटं बनवायला लागली. बोटं गेली, डोळे गेले. तेव्हा कार्लाइलची कल्पना पुढे आली: इंजिन कारखान्यात बनवू, पोरांनी फक्त कागद आणि हलक्या लाकडाचं रॉकेट बनवायचं. त्यातून मॉडेल रॉकेटरी नावाचा छंद उभा राहिला. आपल्याकडे ती इंजिनं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. दारू म्हटलं की १८८४चा स्फोटकांचा कायदा आडवा येतो आणि तो यावाच. दिवाळीचे फटाके फोडून त्यातली दारू गोळा करणारी पोरं मी बघितली आहेत. त्यांना मी हात जोडून पाण्याकडे वळवतो.

पाण्याच्या रॉकेटचेही नियम आहेत. बाटली कोल्ड्रिंकचीच हवी, ती आतला दाब सहन करायला बनवलेली असते. साध्या पाण्याची बाटली किंवा काचेची कधीच नाही. चरे पडलेली, चेपलेली बाटली टाकून द्यायची. आणि पंप मारताना बाटलीवर वाकायचं नाही. एवढं पाळलं तर हा जगातला सगळ्यात स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित रॉकेटचा छंद आहे. पोळणार नाही, पेटणार नाही, परवाना नको, भंगारातून होतो. फक्त त्याला पाणी लागतं. बीड जिल्ह्यात ही 'फक्त' फार मोठी आहे.

*

माझं पहिलं उत्तर हिशेबाचं होतं. दहावी-अकरावीत असताना ते सापडलं आणि मला फार आवडलं.

त्या दिवशी मी सात वेळा रॉकेट उडवलं. म्हणजे जास्तीत जास्त साडेचार लिटर पाणी. आता त्याच महिन्यात आजूबाजूला काय चाललं होतं बघा. आमच्याच तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवरचं धनेगावचं धरण कोरडं पडलं होतं. परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी २०१५ सालीच बंद पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. सगळ्या देशानं ती टीव्हीवर बघितली. आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. न्यायालयापुढे आलेला आकडा होता सुमारे ६० लाख लिटरचा: एवढं पाणी मैदानं आणि खेळपट्ट्या राखायला लागणार होतं. म्हणजे लातूरला आलेल्या त्या पहिल्या गाडीसारख्या बारा गाड्या.

आणि ऊस तर रोजचाच. महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे शेतात सुमारे दोन हजार लिटर पाणी जातं, असा हिशेब नेहमी दिला जातो. त्या एका किलोच्या पाण्यात माझं रॉकेट तीन हजारांहून जास्त वेळा उडालं असतं. ज्या जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर, तिथं ऊस उभा राहतो आणि सातवीतल्या पोराच्या साडेचार लिटरचा हिशेब मागितला जातो.

हे उत्तर खोटं नाही. दुष्काळात बचतीचे उपदेश नेहमी खालच्या बाजूला वाहतात, उताराला पाणी वाहतं तसे. नळ बंद करा, बादलीनं अंघोळ करा, होळी कोरडी खेळा, हे ऐकायला शाळेतली पोरं आणि घरातल्या बाया सापडतात. कालव्याच्या वरच्या अंगाला कोण बसलाय त्याला विचारणारं फारसं कुणी नसतं. म्हणून न्यायालयाचा तो निर्णय मला आजही महत्त्वाचा वाटतो. ६० लाख लिटर वाचले की नाही यावर तेव्हा खूप वाद झाला. सांडपाणी शुद्ध करून मैदानाला वापरू असंही क्रिकेटवाले म्हणाले. पण एकदा तरी प्रश्न वरच्या दिशेनं विचारला गेला होता: हा खेळ आत्ता, इथं, या पाण्यावर का?

तरीही हे उत्तर मी आजीला देऊ शकलो नाही. एकदा प्रयत्न केला होता. साखर, दोन हजार लिटर, सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत ज्वारी निवडत होती. शेवटी म्हणाली, "कारखानदारानं मह्या हंड्यातून नेलं का?"

दुसऱ्याची चूक मोठी असली म्हणजे माझी चूक लहान होत नाही; ती फक्त लहान दिसते. आणि आजीनं किती पाणी गेलं हे विचारलंच नव्हतं. तिचा प्रश्न कुणी आणलं हा होता.

*

दुसरं उत्तर उपयोगाचं. हे कॉलेजात सापडलं आणि ते जास्त सभ्य होतं.

मी पाणी वाया घालवलं नाही, मी विज्ञान शिकत होतो. दाब, प्रतिक्रिया, वस्तुमान. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगणातून किती पोरांना शिकवलं! २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून भारतानं पहिलं रॉकेट सोडलं, तेव्हा रॉकेटचे भाग सायकलवरून नेले होते, कचेरी चर्चमध्ये होती. त्या काळी आपण परदेशातून येणाऱ्या गव्हावर दिवस काढत होतो आणि गरीब देशाला रॉकेट कशाला हवंय हा प्रश्न विक्रम साराभाईंनाही विचारला जायचा. त्यांचं उत्तर असं, की श्रीमंत देशांशी शर्यत लावायला नव्हे, आपल्या माणसांचे खरे प्रश्न सोडवायला हे तंत्रज्ञान हवंय. पुढे हवामानाचे उपग्रह आले, वादळाचा इशारा आधी मिळायला लागला. साराभाई बरोबर ठरले.

पण मी साराभाई नव्हतो. मी सातवीतला एक पोरगा होतो आणि मला चिंचेच्या वर काहीतरी गेलेलं बघायचं होतं. न्यूटन नंतर कळला. त्या दुपारी मी खेळत होतो, शिकत नव्हतो. नंतर खेळाला शिक्षणाचा सदरा घालून आजीपुढे उभं करणं ही लबाडी आहे.

आणि यात अजून एक खोट आहे, ती मला उशिरा दिसली. गरिबाच्या पोरानं खेळायचं असेल तर त्या खेळातून काहीतरी निघालं पाहिजे, अशी अट आपण नकळत घालतो. मोठ्या घरचा पोरगा बागेतल्या पाइपानं भिजला तर तो लहान आहे. ऊसतोड कामगाराचा पोरगा भिजला तर त्यानं किमान शास्त्रज्ञ व्हायला हवं, म्हणजे पाणी वसूल झालं. मी शास्त्रज्ञ झालो नाही. मग ते साडेचार लिटर उधारीवर राहिले का?

मला वाटतं खेळाला खेळ म्हणूनच जागा असली पाहिजे, दुष्काळातसुद्धा. आमच्या जिल्ह्यानं हे एका वेगळ्या तऱ्हेनं अनुभवलंय. त्याच २०१६ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली. राज्यातले तीन तालुके निवडले होते: वरुड, कोरेगाव आणि आमच्या जिल्ह्यातला अंबाजोगाई. गावागावांत माणसं एप्रिल-मेच्या उन्हात चर खोदत होती. चर खोदणं काही नवीन नव्हतं. रोजगार हमीत आमची माणसं चाळीस वर्षं तेच करत आली होती. फरक एवढाच, की या वेळी त्याला गुण होते, शेजारच्या गावाशी चुरस होती, जिंकायला कप होता. त्या कामाचं पुढे काय झालं यावर मतभेद आहेत आणि असावेत. पण थकलेल्या माणसांना कुदळ उचलायला लावणारी गोष्ट खेळाची होती. टंचाईनं पहिल्यांदा खेळ बंद करायचा हा विचार मला म्हणून पटत नाही.

तरी आजीचा प्रश्न जिथल्या तिथे.

*

माझी आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तेव्हा ती सतरा-अठराची. सुकडी खाऊन दिवस काढल्याचं ती अजून सांगते. तिच्या बोलण्यात पाणी कधी लिटरमध्ये येत नाही. खेपेत येतं. 'दोन खेपा', 'चार खेपा'. खेप म्हणजे पाणी अधिक अंतर अधिक चढ अधिक मान. शहरात नळाचं पाणी मीटरमध्ये मोजतात, त्यात फक्त पाणी मोजलं जातं.

हे लक्षात आलं तेव्हा तिचा प्रश्न मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. माझ्या हातून पाणी वाया गेलं नव्हतंच. मातीत पडलं, मातीत जिरलं, पाण्याचं ते नेहमीचंच काम. वाया गेली होती ती खेप. पहाटे तीनची झोप, तो चढ. आणि ती माझी नव्हती. मी माझा दंड वापरून हवा भरली, तोवर ठीक होतं. पण ज्याला मागे फेकून मी वर जात होतो, ते तिचं होतं आणि तिला विचारलं नव्हतं.

म्हणून आता मी असं म्हणतो: वाया घालवणं म्हणजे जास्त वापरणं नव्हे. दुसऱ्यानं आणलेलं, त्याला न विचारता उधळणं म्हणजे वाया घालवणं. या व्याख्येत तांब्याभर पाणीही वाया जाऊ शकतं.

यावर एक आक्षेप लगेच येतो. मग ज्याच्या शेतात स्वतःचा बोअर आहे त्यानं वाटेल तेवढं उडवावं का? त्यानं तर स्वतः 'आणलं'. मला तसं वाटत नाही. त्यानं बोअर आणला, मोटार आणली. पाणी त्यानं आणलेलं नाही. आमच्या बालाघाटच्या डोंगरात काळ्या दगडाच्या भेगांमध्ये जे पाणी साठतं ते शेताचे बांध बघून साठत नाही. माझा बोअर पाचशे फुटांवर गेला की शेजाऱ्याची विहीर आटते. २००९च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानं ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर बंधन घातलंय, म्हणजे साधारण दोनशे फूट. गावात कुठल्याही पारावर बसा आणि बोअरचे आकडे ऐका, मग त्या कायद्याचं काय झालंय ते कळेल. टँकर विकत घेणाऱ्याचंही तेच. पैशानं पाणी विकत मिळतं, पण ते कुणाच्या तरी वाट्यातून आलेलं असतं. म्हणून आजीच्या प्रश्नाला मी एक जोड देतो. आणलं कुणी, आणि ते आणल्यावर मागे कुणासाठी किती उरलं?

हे दोन प्रश्न घेऊन उसाकडे बघितलं की दोन हजार लिटरपेक्षा वेगळं काहीतरी दिसतं. माझे आई-बाप दरवर्षी दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. ते ज्या उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवत, तो ऊस म्हणजे बहुतेक पाणीच. आपल्या गावात पाणी नाही म्हणून माणसं घर सोडतात आणि दुसऱ्या गावचं पाणी मोळी करून डोक्यावर वाहतात. आजी हंडा वाहते, आई मोळी. आणलं कुणी, याचं उत्तर दोन्हीकडे एकच येतं. आणि किती उडवायचं हे ठरवणाऱ्यांत दोन्हीकडे त्यांचं नाव नसतं.

*

गेली दोन वर्षं मे महिन्यात मी गावातल्या पोरांसोबत आठवडाभर रॉकेट उडवतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या अभिमानानं आजीचा नियम केला: ज्यानं आणलं त्यानं उडवावं. आपापलं पाणी आपण आणायचं, घरच्या हंड्याला हात लावायचा नाही.

दोन दिवसांत नियमाची वाट लागली. पोरं रिकामी होती. ती हौदावर जायची, बाटली भरायची, पळत यायची, उडवायची. पोरी बाजूला उभ्या राहून बघायच्या. त्यांतली एक अकरा वर्षांची. ती रोज सकाळी दोन कळश्या घरी आणते हे मला माहीत होतं. माझ्या नियमानं ती त्या मैदानातली सगळ्यात श्रीमंत होती. मी म्हटलं, "तू का उडवत नाहीस?" ती म्हणाली, "दादा, महं पाणी घरी लागतंय. आन् अजून एक खेप राह्यलीय."

जी पाणी आणते तिचं पाणी आधीच वाटलं गेलेलं असतं. तिचा वेळही. माझ्या नियमानं उलट ज्याच्या अंगावर काही जबाबदारी नाही त्यालाच उडवायची मुभा दिली होती. म्हणजे मी सातवीत जसा होतो, तसल्यांनाच.

मग नियम बदलला. आधी एक कळशी घरात, मग एक बाटली रॉकेटात. पोरांनासुद्धा. आणि कळशी घरात ओतली की त्या घरच्या पोरीची एक खेप कमी. पहिल्या दिवशी पोरांनी कुरकुर केली. एकाला कळशी खांद्यावर धरता येईना, निम्मी अंगावर सांडली, सगळे हसले. दुसऱ्या दिवशी एका पोराची आई मैदानावर आली आणि म्हणाली, "तुम्ही ह्याला काय शिकवायलाव? घरी पाणी आणायलाय!" ती रागावली होती की खूश होती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रॉकेटात चांगलं पाणी घालायची गरज नसते हेही आम्ही शोधलं. भांडी विसळलेलं पाणी फडक्यानं गाळून घेतलं की चालतं. गाळलं नाही तर वालात खरकटं अडकतं. उडवायची जागा लिंबाच्या रोपाशेजारी केली. बाटली सुटते तेव्हा बहुतेक पाणी पहिल्या काही फुटांतच खाली पडतं, ते रोपाच्या आळ्यात जातं. म्हणून प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. खेळाला परत उपयोगाचा सदरा घालायचा नाहीये. रोप नसतं तरी आम्ही उडवलंच असतं. ती अकरा वर्षांची पोरगी आता सगळ्यांत वर पाठवते, कारण पाणी किती घ्यायचं याचा तिचा अंदाज पक्का आहे. कळशी हिंदकळू न देता आणणाऱ्या हातांना एक तृतीयांश मोजून द्यावं लागत नाही.

आजीला मी २०१६बद्दल खूप उशिरा विचारलं. म्हटलं, तेव्हा तू मारलं का नाहीस? तिला ती दुपार आठवत होती. म्हणाली, "मारून काय पाणी हंड्यात परत आलं असतं?" मग थोड्या वेळानं, "मागितलं असतंस तर दिलं असतं की तांब्याभर. लेकरू खेळतंय म्हणून कोण नाही म्हणतं?"

हे उत्तर मला सगळ्यांत जड गेलं. माझी समजूत होती की दुष्काळ आणि माझा खेळ यांच्यात ती दुष्काळाच्या बाजूला उभी होती. ती तर खेळाच्या बाजूनं होती. तिच्याकडे फक्त मागायला हवं होतं, आणि मागायचं तर आधी हे मान्य करायला लागलं असतं की ते पाणी तिचं आहे.

यंदाच्या मे महिन्यात ती ओट्यावर येऊन बसली होती. कोणत्या पोरानं कळशी आणली, कोणत्यानं नाही, हे मोठ्यानं मोजत होती. रॉकेट सुटलं, वर गेलं, वळलं आणि डुगडुगत खाली येऊन धुळीत पडलं. आजी म्हणाली, "एवढं वर गेलं. वरून आणलं काय त्यानं?"

पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "काहीच नाही, आजे." आणि पुढची बाटली भरायला घेतली.